अण्णांच्या वतीनं

ऐक ना रेवा. नुसतं ऐक. तो लॅपटॉप मिट आधी, तुझा अप्रेझलचा फॉर्म कुठे पळून जात नाही. स्वतःला चार द्यावेत की पाच असं तू विचारलंस आणि मी गप्प झाले, ते मुद्दाम नाही गं. एकदम अण्णा आठवले. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही, घरीसुद्धा नाही. म्हणून मध्ये बोलू नकोस, नाहीतर माझ्याच्यानं पुरं होणार नाही.

सहा वर्षं झाली. तळेगावची ती डच कंपनी, माझी पहिली नोकरी. मार्चमधला गुरुवार, सकाळचे साडेनऊ, कँटीनमध्ये मी आणि अण्णा समोरासमोर. माझ्यापुढे लॅपटॉप, त्यांच्यापुढे उपमा, आणि मी अगदी रडकुंडीला आलेली.

"अण्णा, निदान तीन तरी लिहा हो. पाया पडते तुमच्या."

"पाया पडायला मी काय मारुती आहे?" अण्णा खाता खाता म्हणाले. "दोन लिहिलेत ना? दोनच राहू देत."

"अहो पण दोन म्हणजे काय माहितीये का तुम्हाला?"

"पोरी, आपल्या तोंडानं आपली आरती ओवाळायची नसते. मार्क देणारा वर बसलाय, त्याला डोळे आहेत. तो बघेल."

अण्णा म्हणजे गजानन लोहोकरे. ओतूरचे, वय चौपन्न, पंप जोडायच्या लाईनचे सुपरवायझर. डेअरीत दूध खेचायला जे पंप लागतात ना, ते आमच्याकडे बनायचे. कंपनी आधी बर्वे साहेबांची होती. बर्व्यांनी पत्र्याच्या शेडमध्ये पहिला पंप जोडला तेव्हा शेजारी पाना धरून अण्णा उभे होते. मग साहेब थकले, त्यांनी कंपनी डच लोकांना विकली, पाटी बदलली, अण्णा तिथंच राहिले. मी एचआरमध्ये लागून अकरा महिने झाले होते. पहिल्याच दिवशी मी सँडल घालून लाईनवर गेले, सगळे तोंड लपवून हसत होते, आणि अण्णांनी कुठून तरी माझ्या मापाचे सेफ्टी शूज आणून पुढ्यात ठेवले. म्हणाले, "मॅडम, देव पायाची बोटं दहाच देतो." तेव्हापासून मी दुपारी त्यांच्याच टेबलावर जेवायची.

आता हे दोनचं प्रकरण. बर्वे साहेबांच्या वेळी फॉर्म-बिर्म नव्हता. मार्चमध्ये एकेकाला केबिनमध्ये बोलवायचे आणि विचारायचे, "काय रे, कसं झालं वर्ष?" माणसानं मान खाली घालून म्हणायचं, "साहेब, अजून बरंच जमायचंय." मग साहेब हसायचे, म्हणायचे, "गप रे, मला दिसतं," आणि चांगलं लिहायचे. जो आत जाऊन म्हणायचा की मी लय काम केलं, त्याची लाईनवर महिनाभर टर उडायची. वीस-बावीस वर्षं हेच. आणि नव्या कंपनीचा फॉर्म काय, तर आधी तुम्हीच तुम्हाला एक ते पाचमध्ये मार्क द्यायचे. अण्णांनी गेल्या वर्षी दोन दिले. वरून कुणी त्याचे चार केले नाहीत. अण्णांना वाटलं, नवीन लोक आहेत, ओळख नाही अजून. यंदा करतील.

आणि मला काय माहीत होतं ते ऐक. लागोपाठ दोन वर्षं तीनच्या खाली गेलेल्यांची यादी हॉलंडला जाणार होती. ती यादी मीच टाईप करत होते. यादीत नाव गेलं की महिन्याभरात माणूस घरी. हे बाहेर बोलायची मला परवानगी नव्हती. तरी मी त्या दिवशी बोलले. म्हटलं, "अण्णा, दोन दिलेत तर तुमची नोकरी जाईल. खरंच जाईल."

त्यांनी चमचा खाली ठेवला. क्षणभर मला वाटलं, पटलं.

"नोकरी घालवायची असती तर त्यांनी मला ठेवलाच नसता," ते म्हणाले. "आणि ते खालचं वाचलंस ना, गुजरातचे चाळीस पंप परत आले ते? ते माझ्या नावावर लिही. नीट लिही, माझी चूक म्हणून."

"तुमची कशी? तुम्ही तर त्या आठवड्यात रजेवर होतात. पुतणीचं लग्न होतं ना ओतूरला!"

"लाईन कुणाची?"

"तुमची."

"मग झालं तर. पोरांनी बोल्ट ढिले ठेवले म्हणून मी पोरांची नावं लिहून देऊ? उद्या त्यांना काय तोंड दाखवू? चल, उठ, दहा वाजले. युवराज वाट बघत असेल."

युवराज म्हणजे योरिस, आमचा डच प्लँट हेड. लाईनवर कुणाला ते नाव म्हणता यायचं नाही, म्हणून युवराज. सहा फूट पाच इंच, कँटीनच्या दारातून वाकून यायचा. दुपारी दोन पाव आणि चीजचा एक तुकडा खायचा, तर बायका हळहळायच्या, बिचाऱ्याला घरून कुणी डबा देत नाही. स्वतःचा कप स्वतः विसळायचा. मी तुला खरं सांगते, वाईट माणूस नव्हता. मला एकदा सगळ्यांसमोर म्हणाला, तुझं प्रेझेंटेशन कंटाळवाणं होतं. मी बाथरूममध्ये जाऊन रडले. संध्याकाळी त्यानं मला बसवून तासभर ते कसं सुधारायचं ते शिकवलं, आणि त्याला कळेचना की मी सकाळी रडले कशाला. त्यांच्या देशात तसंच असतं. जे आहे ते तोंडावर बोलायचं आणि दुसऱ्यानं बोललेलं खरं मानायचं. त्याला मराठी येत नव्हतं, अण्णांना इंग्लिश मोजकंच, म्हणून मध्ये मी.

आत गेलो. अण्णांनी शर्टाचं वरचं बटण लावलं, हात जोडून नमस्कार केला आणि खुर्चीच्या अगदी कडेला बसले. योरिसनं फॉर्म वाचला. मग म्हणाला, केतकी, त्यांना सांग की मला त्यांचा प्रामाणिकपणा आवडला. फार कमी लोक आपलं काम जमत नाही असं कबूल करतात.

मी अण्णांना म्हटलं, "तुमचा प्रामाणिकपणा आवडला म्हणतायत."

अण्णा खूश. माझ्याकडे असं बघितलं की बघ, सांगत नव्हतो?

योरिस पुढं म्हणाला, हे स्वतःच दोन वर्षं सांगतायत की मी कमी पडतो. चाळीस पंपांची चूकही आपली म्हणून लिहितायत. मग मी त्यांना त्या जागेवर ठेवणं म्हणजे त्यांच्यावर अन्याय. त्यांना मोकळं करायला हवं.

मी भाषांतर केलंच नाही. अण्णा विचारतायत, "काय म्हणतात?" आणि मी फॉर्मवरच्या त्या दोनकडे बघतेय.

मग योरिसच म्हणाला, पण कुणाला असं पाठवण्याआधी मी एक प्रश्न नेहमी विचारतो. या वर्षी यांनी स्वतः केलेली, ज्याचा यांना अभिमान आहे अशी एक तरी गोष्ट सांगतील का? एकच.

मी अक्षरशः पुढे सरकले. "अण्णा, नीट ऐका. या वर्षी तुम्ही स्वतः केलेलं एक काम सांगा. तुम्ही. मोठं काहीतरी. लाजू नका, माझी शप्पथ आहे."

अण्णांनी विचार केला. मग त्यांचा चेहरा असा उजळला ना.

"ते सील!" ते म्हणाले. "ते सांग त्याला. शाफ्टवर रबरी सील चढवताना धारेला घासून त्याची पातळ कड कापली जायची, महिन्याला तीसेक पंप गळायचे. आमच्या वकिलीणबाईनं काय डोकं लढवलं! घरची शाम्पूची बाटली आणली, तिचा गळा कापला, शाफ्टवर टोपीसारखा बसवला आणि त्याच्यावरून सील अलगद सरकवलं. एक ओरखडा नाही. आता महिन्याला दोन पंपसुद्धा गळत नाहीत. मी काय केलं, मी नुसतं हो म्हटलं. सांग, अशी माणसं आहेत माझ्या लाईनवर."

वकिलीणबाई म्हणजे चंद्रकलाताई. चंद्रकला बोऱ्हाडे, त्यांच्याच लाईनवर, अडतिशीच्या. कुणाशीही वादात हार जायच्या नाहीत, म्हणून अण्णा त्यांना नावानं कधी हाकच मारायचे नाहीत. नावानं बोलले असते तर योरिसला कळलं असतं. ते नाव त्याला माहीत होतं.

तो माझ्याकडे बघत होता. अण्णाही माझ्याकडे बघत होते. दोघांचाही माझ्यावर पूर्ण विश्वास. आणि मी इंग्लिशमध्ये, जणू अण्णाच बोलतायत तसं, म्हणाले, की सील कापलं जायचं त्यावर मी एक युक्ती काढली. मी घरची शाम्पूची बाटली आणली. मी तिचा गळा कापला. गळती तीसवरून दोनवर आली, आणि आता टूलरूम नायलॉनची तशीच टोपी करून देते.

बास. एवढंच. अर्धं मिनिट पण लागलं नाही गं.

योरिस उभाच राहिला. म्हणाला, ते यांचं होतं? मी हॉलंडला त्याचे फोटो पाठवलेत! मग हे दोन का लिहितात? त्यानं फॉर्मवर दोन खोडून चार लिहिले आणि अण्णांचा हात हातात घेऊन गदागदा हलवला.

बाहेर जिन्यात अण्णा मला म्हणाले, "बघितलंस? मी दोन दिले, त्यानं चार केले. माणूस माणसासारखाच असतो पोरी, रंग कुठलाही असो."

"हो अण्णा," मी म्हटलं.

"पोरांचं ऐकून किती खूश झाला! उगाच घाबरत होतीस."

मी हसले सुद्धा. मला खरंच वाटलं मी जगातलं सगळ्यात चांगलं काम केलंय. जेवताना अण्णांनी त्यांच्या डब्यातली शेंगदाण्याची चटणी सगळीच्या सगळी मला दिली.

दुपारी अडीचला चंद्रकलाताईंची वेळ होती.

मला माहीत नव्हतं असं नाही, रेवा. त्या दिवशी कुणाची वेळ कधी, तो कागद माझ्याकडेच होता. पण डोक्यात आलंच नाही. की आलं होतं आणि मी ढकललं, ते मला आजही सांगता येत नाही.

ताईंनी अण्णांच्या हाताखालच्या लाईन लीडरच्या जागेसाठी अर्ज केला होता. आमच्याकडे तोवर एकही बाई लाईन लीडर नव्हती. त्यांनी स्वतःला चार दिले होते, न लाजता. आत येताना म्हणाल्या, "मॅडम, आज मी सोडत नाही हां युवराजाला. पुरावा घेऊन आलेय." आणि बसल्या बसल्या पिशवीतून काय काढलं, तर तो गळा. पहिला, मूळचा. हिरव्या शाम्पूच्या बाटलीचा कापलेला गळा, वापरून वापरून पांढरट पडलेला. टेबलावर ठेवला आणि म्हणाल्या, "सांगा त्यांना, हे माझं डोकं."

मी सांगितलं. आता मी अगदी बरोबर भाषांतर करत होते बघ.

योरिसच्या कपाळाला आठी पडली. तो म्हणाला, ही टोपी मला माहिती आहे. पण ही लोहोकरेंची कल्पना. त्यांनी आज सकाळी याच खुर्चीत बसून मला सांगितलं. हिला विचार, ती असं का म्हणतेय?

तेव्हा बोलायला हवं होतं. मला कळत होतं. पण मी काय केलं, तर भाषांतर केलं.

"ते म्हणतात, ही कल्पना अण्णांची आहे. अण्णांनीच सकाळी सांगितलं."

"कोण अण्णा?"

"आपले अण्णा."

त्या हसल्या. "काहीतरीच काय मॅडम. नीट ऐकलंत का?"

"हो."

"तुम्ही होता तिथं?"

"हो."

"अण्णा म्हणाले? त्यांच्या तोंडानं म्हणाले, मी केलं?"

रेवा, मी मान हलवली. तोंडानं हो म्हणवेना, म्हणून मान हलवली.

मला वाटलं आता या भांडतील. माझ्या मनात येत होतं, भांडा. टूलरूमच्या माणसांना बोलवा, ओरडा, म्हणजे आपोआप सगळं बाहेर येईल आणि मला काही करावं लागणार नाही. वकिलीणबाई ना त्या! पण त्यांनी तो गळा उचलला, पदराला पुसला आणि पिशवीत ठेवला.

"मग राहू दे," त्या म्हणाल्या.

योरिस म्हणाला, राहू दे म्हणजे? ही कल्पना हिची की नाही? मला हो किंवा नाही हवंय.

"त्यांना सांगा, अण्णा म्हणाले असतील तर तसंच असेल."

आणि तो माणूस बोललेलं खरं मानणारा. तो शांतपणे म्हणाला, चूक होऊ शकते, ते मी समजतो. पण दुसऱ्याची कल्पना आपली म्हणून सांगणं मला चालत नाही. लीडरच्या जागेसाठी हिचा विचार होणार नाही. चारचे त्यानं दोन केले. ताईंनी सही केली.

मी मागोमाग धावले. "ताई, अहो तुम्ही बोलला का नाहीत?"

"कुणाविरुद्ध बोलू?" त्या पायरीवर थांबल्या. "मी इथं झाडू मारायला आले होते मॅडम. पाना कसा धरायचा ते ज्या माणसानं शिकवलं, त्याला परक्यापुढं खोटा पाडू? घेऊ दे त्यांना. त्यांना गरज असेल." आणि मग दोन पायऱ्या उतरून, माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "मला मागितलं असतं तर मी दिलं असतं."

पावणेपाचला अण्णा माझ्या टेबलाशी आले. हातात तो गळा.

"हे मला का दिलं हिनं?" त्यांनी विचारलं. "म्हणाली, तुमचं तुमच्याजवळ ठेवा, अभिनंदन. आणि गेली. मी हाक मारली तर वळली नाही. आज काय झालं वर?"

मी सांगितलं. सगळं. यादीचं, सकाळचं, दुपारचं. रडत नव्हते, भराभरा सांगत होते, आत्ता सांगतेय तसंच. अण्णा उभेच होते. मला वाटलं ओरडतील. एक थोबाडीत दिली असती तरी चाललं असतं.

ते एवढंच म्हणाले, "मला वाचवायला केलंस?"

"हो."

"हं." मग, "युवराज आहे का वर?"

"अण्णा, मी सांगते त्यांना. मीच जाऊन सांगते. चूक माझी आहे."

"तू कुणाच्या वतीनं बोलत होतीस?"

"तुमच्या."

"मग ते मीच बोललो. चल. आता मी बोलतो तेवढंच बोल. एक अक्षर इकडंतिकडं करायचं नाही."

"अण्णा, तुमची नोकरी जाईल."

"चोवीस वर्षांची आहेस तू. पहिल्या नोकरीवरून खोटेपणासाठी काढलेली मुलगी म्हणून कुठं उभी राहशील? माझं आता उरलंच किती? चल म्हटलं ना."

वर योरिस बॅग भरत होता. अण्णा या वेळी खुर्चीत बसले नाहीत. तो गळा त्यांनी टेबलावर मधोमध ठेवला आणि मला म्हणाले, "सांग. हे काम चंद्रकला बोऱ्हाडेचं आहे. सगळं तिचं."

मी सांगितलं.

"सांग, लाईन लीडर व्हायला तिच्याएवढं लायक तिथं कुणी नाही. तिला खाली ओढू नका म्हणावं."

मी सांगितलं.

"सांग, सकाळी मी खोटं बोललो."

मी थांबले.

"सांग."

योरिस आमच्याकडे आळीपाळीनं बघत होता. मी म्हणाले. इंग्लिशमध्ये ते वाक्य किती छोटं होतं. तीन-चार शब्द.

योरिस खाली बसला. त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता, खरंच नव्हता. दुखावल्यासारखा दिसत होता. मग त्यानं मला विचारलं. अण्णांना नाही, मला. म्हणाला, केतकी, सकाळी तू इथं होतीस. यांनी खरोखर असं सांगितलं होतं का? तू जसंच्या तसं भाषांतर केलं होतंस का?

अण्णांना काय कळलं, किती कळलं, देव जाणे. माझ्याकडे बघत होता तो, एवढं तर त्यांना दिसलंच. ते मराठीत, अगदी हळू, जसं काही मला बसची वेळ सांगतायत, तसं म्हणाले, "हो म्हण पोरी."

मी म्हटलं, यस.

चंद्रकलाताई एक एप्रिलपासून लाईन लीडर झाल्या. खरं बोलल्याबद्दल योरिसनं अण्णांचं कौतुक केलं आणि खोटं बोलल्याबद्दल त्यांना काढलं, एकाच पत्रात. दोन्ही वाक्यं मीच त्यांना वाचून दाखवली. ताईंना अण्णांनी एवढंच सांगितलं, माझी मती फिरली होती, माफ कर. माझं नाव नाही घेतलं. कुणापाशीच नाही.

एप्रिलच्या शेवटी त्यांचा शेवटचा दिवस. चहाच्या सुट्टीत लाईनवरची सगळी पोरं गेटपर्यंत आली, कुणीतरी हार आणला होता, नारळ होता. गुजरातच्या पंपांचे बोल्ट ज्यांनी ढिले ठेवले होते ना, ती दोघं तर पायाच पडली. सगळे आले, चंद्रकलाताई सोडून. शेडचं दार सताड उघडं होतं आणि त्या आत लाईनशी पाठमोऱ्या उभ्या होत्या, तपासून झालेला पंप परत परत तपासत.

अण्णांनी तिकडे दोनदा बघितलं. तिसऱ्यांदा बघितलं तेव्हा मी त्यांच्या शेजारीच होते.

"लीडर झाली ना आता," ते मला म्हणाले. "लाईन सोडून कशी येईल? बरोबर आहे तिचं."

मी म्हटलं, "अण्णा, मी जाऊन ताईंना सांगते. आत्ता सांगते."

"अजिबात नाही," ते म्हणाले. "तुझं नाव मध्ये येऊ नये म्हणून मी एवढं केलंय. ते वाया घालवू नकोस."

गेटबाहेर त्यांची बस सुरू झाली होती. ड्रायव्हर हॉर्न देत होता. तिथून ताईंपर्यंत वीस पावलं, जास्तीत जास्त पंचवीस. गेले असते तर त्या धावत आल्या असत्या, हे मला ठाऊक होतं. आणि माझी नोकरी गेली असती, आणि अण्णांनी जे केलं ते सगळं फुकट गेलं असतं, हेही ठाऊक होतं. अण्णा हार काढून हातात घेऊन पायरी चढत होते.

मी नाही गेले, रेवा.

आता बोल. तू असतीस, तर गेली असतीस?